किल्ली माझ्याकडं आहे

दुपारच्या जेवणानंतर मशीनं नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. सीमा दोन नंबरच्या मशीनवर उभी राहून पंपाच्या एका झाकणावरच्या धातूच्या चिप्स हवेच्या गननं उडवत होती. तेवढ्यात शेजारच्या तीन नंबरमधून, कुणीतरी आतून घण घालावा तसा आवाज आला. पाठोपाठ काच तडकल्याचा.

तिनं वळून बघितलं तर सुनील कपाळाला हात लावून मागं सरकत होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. कापायचं टूल धरून फिरवणारा मशीनचा स्पिंडल अजून जोरात फिरत होता, पण त्यात टूल नव्हतं. सीमानं आधी लाल बटण दाबलं, मग सुनीलला स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या ओढणीचा बोळा करून त्याच्या भुवईवर दाबून धरला.

"डोळा हाय का बघ," सुनील म्हणाला.

"आहे. हात खाली घ्या, मी धरलंय."

काय झालं ते मशीन थांबल्यावर सगळ्यांना दिसलं. टूल बदलणारा आर्म टूलं ठेवायच्या मॅगझिनमधून फेसमिल हे रुंद पात्यांचं टूल घेऊन आला होता आणि रोजच्यासारखं ते स्पिंडलमध्ये लावून परत गेला होता. स्पिंडल फिरायला लागला आणि ते जडशीळ टूल त्याच्या तोंडातून निसटलं, माल घट्ट धरणाऱ्या व्हाइसवर आपटलं, तिथून उसळून मशीनच्या दारावर गेलं. दाराची काच तडकली, तरी तिनं टूल अडवलं. पण टूलच्या पात्याचा एक तुकडा मशीनच्या उघड्या माथ्यावरून उडून सुनीलच्या भुवईत घुसला होता.

शेडचे मालक काकासाहेब, त्यांनी त्याला स्वतःच्या गाडीत घातलं आणि सावेडीच्या दवाखान्यात नेलं. टाके पडेपर्यंत ते तिथंच बसून होते. तुकडा बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी काकासाहेबांनी त्याला देहऱ्याला घरी सोडलं, वाटेत फळं घेतली. माणूस असा होता. सोनईचं शेतकऱ्याचं घर, भाऊ उसात राहिले आणि हा एक लेथ घेऊन नगरच्या एमआयडीसीत आला. आता शेडमध्ये चार मशीनं होती आणि कामगारांच्या घरची लग्नं, बारशी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काकासाहेबांनी सगळ्यांना मशीनजवळ उभं केलं आणि म्हणाले, "सुनीलनं टूलचा टेपर पुसला नव्हता. चिप अडकली, टूल नीट बसलं नाही, म्हणून सुटलं. एवढी वर्षं काम करून ही चूक. थोडक्यात वाचला. त्याला मी सांगितलंय, बरा होऊन आधी माझ्यासमोर चूक कबूल कर, मग कामाचं बघू." मग त्यांनी सीमाकडं बघितलं. "आजपासून तीन नंबर तुझ्याकडं. शनिवारी पुण्याचा माल गेला पाहिजे."

सीमा तीन नंबरकडं वळली. पण तिला ते पटलं नव्हतं.

ती या शेडमध्ये आली तेव्हा आयटीआयचं मशिनिस्टचं सर्टिफिकेट असूनही तिला पॅकिंगला बसवलं होतं. खोक्यांना पट्ट्या मारून कंटाळल्यावर तिनं काकासाहेबांना केबिनमध्ये जाऊन विचारलं होतं, "शेठ, खोकीच बांधायची होती तर मी आयटीआय कशाला केली?" काकासाहेब तेव्हा हसले होते. तिला मशीन मिळालं, पण शिकवायला कुणी पुढं येईना. सुनील आला. जेवणाची सुट्टी निम्मी सोडून तो तिला टूलच्या मापाचे ऑफसेट घ्यायला शिकवायचा आणि प्रत्येक टूल लावताना एकच वाक्य म्हणायचा, "आधी पुसायचं, मग बघायचं, मग लावायचं." त्याच्या खिशात कायम एक सुती फडकं असायचं. तो स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता टेपर न पुसता टूल लावेल, हे सीमाला मान्यच होत नव्हतं.

आणि दुसरी एक गोष्ट होती. तीन नंबर गेले काही महिने त्रास देत होतं. आर्म टूल घेऊन यायचा, स्पिंडलमध्ये सरकवायचा आणि मध्येच अडकून राहायचा. स्क्रीनवर अलार्म यायचा की टूल पकडल्याचा सिग्नल मिळत नाही. मेंटेनन्सचे छगनमामा येऊन आर्म हातानं मागं फिरवायचे, हवेचं प्रेशर बघायचे, सेन्सर पुसायचे. तासभर चालायचं, परत तेच. मग एके दिवशी अलार्म यायचाच बंद झाला. सगळ्यांनी छगनमामांची पाठ थोपटली होती. सीमानं पण.

आता तीन नंबरसमोर उभी राहून ती विचार करत होती की मामांनी बदललं काय होतं. नवा पार्ट आलेला तिनं पाहिला नव्हता. स्पिंडल उघडलेला पाहिला नव्हता. दुखणं जसंच्या तसं असेल तर कण्हणं का थांबलं?

तिनं प्रोग्रॅम सुरू केला नाही. मशीन मॅन्युअलवर घेतलं आणि टूल बदलण्याचं काम एकेक पायरी करून चालवलं. मॅगझिनचा खण खाली आला. आर्म वळला, त्यानं दोन्ही टूलं धरली. स्पिंडलनं आपलं टूल सोडलं. आर्म खाली उतरला, फिरला, वर गेला. सगळं वेळच्या वेळी. मग तिनं आर्म बाजूला नेला, एक हलकं ड्रिल हातात धरून स्पिंडलमध्ये लावलं आणि क्लॅम्प केलं. ड्रिल पकडून हलवलं तेव्हा तिच्या मनगटाला किंचित कट्ट असं जाणवलं. दोन नंबरवर तसं कधी होत नव्हतं. तिथं क्लॅम्प केलेलं टूल म्हणजे स्पिंडलचाच भाग वाटायचा.

मग तिनं कंट्रोलरवर सिग्नलचं पान उघडलं. सेन्सर काय सांगतायत ते तिथं एक आणि शून्यात दिसतं. टूल पकडलेलं असेल तर एका ओळीत एक, सोडलं की शून्य. तिनं अनक्लॅम्पचं बटण दाबलं. ड्रिल सुटून तिच्या हातात आलं. तिनं स्क्रीनकडं बघितलं. एक.

तिनं परत लावलं, परत काढलं. एक. मग ड्रिल टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या स्पिंडलखाली हात धरून बघितलं. तरी एक. स्पिंडलमध्ये काहीच नव्हतं आणि मशीन सांगत होतं की टूल घट्ट पकडलंय, फिरवा खुशाल.

छगनमामा कॉम्प्रेसरचं तेल बघत होते. सीमा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मामा, तीन नंबरचं पॅनेल उघडता का जरा?"

"कशाला?"

"क्लॅम्पचा सिग्नल कायम येतोय. टूल नसतानाही."

छगनमामांनी हातातलं फडकं दोनदा उलटंसुलटं केलं. मग उठले, मशीनच्या मागं गेले आणि पॅनेलचं दार उघडलं. तारांच्या सरळ ओळींमध्ये एक पिवळी तार तिरपी गेली होती. ती सेन्सरला ओलांडून दोन टर्मिनल सरळ जोडत होती. दाखवायची गरज नव्हती.

"म्या लावली," ते म्हणाले. "शेन्सर नवा घालून बघितला, प्रेशर बघितलं, समदं केलं. अलार्म काय जाईना. शेठला म्हनलं, स्पिंडल उघडावा लागतोय, पुन्याहून मानूस बोलवा. ते म्हनले, माल जाऊ दे, तवर कसंबी करून चालू कर." त्यांनी तारेकडं बघितलं. "अलार्म बंद झाला तवा मलाबी बरंच वाटलं हुतं, सीमा."

"काल सुनीलभाऊला लागलं तेव्हा?"

"रातभर झोपलो न्हाई."

"पण बोलला नाहीत."

छगनमामांनी पॅनेलचं दार लावून घेतलं.

सीमा तशीच केबिनमध्ये गेली. काकासाहेब फोनवर होते. त्यांचं होईपर्यंत ती उभी राहिली, मग जे पाहिलं ते सांगितलं. तिला वाटलं होतं, ते चमकतील, नाहीतर चिडतील. काकासाहेब शांतपणे म्हणाले, "ते तात्पुरतं आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मशीन माझं आहे, मला माहीत असणारच. शनिवारी माल गेला की सोमवारी सर्व्हिसला बोलावतो. तोवर फेसमिल लावू नको, स्पीड कमी ठेव, ड्रिलिंग उरकून घे."

"आणि सुनीलभाऊ?"

"त्याचं वेगळं. त्याच्या टेपरला चिप होती."

"चिप कुणी बघितली?"

काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सीमा, जास्त खोलात जाऊ नको. तू मशीन चालव."

"नाही चालवणार, शेठ. ती तार निघेपर्यंत नाही."

"मग पॅकिंगला जा. भागवत चालवेल."

भागवत खर्ड्याकडचा, चाळिशीतला माणूस. तिकडची कोरडवाहू शेती भावावर सोडून दिवाळीनंतर कामाला लागलेला. कुणी काही सांगितलं की मान हलवायचा आणि करायचा. सीमा पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून बघत होती. तो तीन नंबरसमोर गेला, तडकलेल्या काचेवर मारलेल्या पत्र्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि सायकल स्टार्टचं बटण दाबलं. आर्म फिरून टूल लावायला आला की तो दर वेळी दोन पावलं मागं सरकत होता. ते बघताना सीमाला कळलं की आपण नाही म्हटल्यानं काहीच झालं नाही. फक्त माणूस बदलला.

संध्याकाळी सुटल्यावर ती घरी जायच्या आधी देहऱ्याला गेली. सुनीलच्या बायकोनं, अश्विनीनं, चहा टाकला. सुनीलचा डोळा सुजून बंद झाला होता.

"मी पुसलं हुतं, सीमा," तो म्हणाला. "पन आता इचार करकरून असं झालंय, की पुसलं हुतं का न्हाई तेच आठवंना. राहिली बी आसंल चिप. कबूल करून टाकतो. शेठ वाईट न्हाईत."

"हे आजच म्हणत होते, परवा जाऊन चूक झाली म्हणतो," अश्विनी म्हणाली.

सीमानं तारेचं सांगितलं. सुनीलला राग येईल असं तिला वाटलं होतं, पण त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

"म्हंजी पुसलं हुतं मी," तो म्हणाला.

बोल्हेगावला घरी पोचली तर तिचा नवरा, सम्राट, टेम्पो धूत होता. तो पहाटे शिर्डीला फुलं घेऊन जायचा, त्यामुळं टेम्पोला कायम शेवंतीचा वास असायचा. सीमा त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मशीनच्या मागं मेन स्विचला कुलपाचं भोक असतं. स्विच बंद करून कुलूप घातलं की ज्याच्याकडं किल्ली, त्याच्याशिवाय कुणाला चालू करता येत नाही. आयटीआयत शिकवलं होतं. ज्याचा जीव मशीनमध्ये अडकलाय त्याचं कुलूप."

"तुझा कुठं अडकलाय? तुला तर पॅकिंगला घातलंय."

"भागवतचा अडकलाय."

सम्राटनं पाइप बंद केला. "काढून टाकतील तुला."

"टाकतील."

"परत एमआयडीसीत कुणी घेणार नाही. तिथं सगळे एकमेकांना ओळखतात."

"मला पण ओळखतील मग."

भांडी आवरून सीमा बाहेर आली तेव्हा सम्राट टेम्पोच्या टूलबॉक्सजवळ उकिडवा बसला होता. त्यानं टूलबॉक्सचं पितळी कुलूप काढून, तेल घालून, दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि तिच्या हातात दिलं. "हे मजबूत आहे. लोखंडी कडीचं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सीमा सगळ्यांच्या आधी पोचली. झाडणाऱ्या लंकाबाई तेवढ्या आल्या होत्या. सीमानं तीन नंबरचा मेन स्विच खाली केला, कुलूप घातलं, किल्ली ड्रेसच्या खिशात टाकली आणि मशीनपुढं स्टूल घेऊन बसली.

"काय गं हे?" लंकाबाईंनी विचारलं.

"हे मशीन आज बंद आहे, मावशी."

माणसं येत गेली, बघत गेली, आपापल्या मशीनवर जाऊन उभी राहिली. पण कुणी मशीन चालू करत नव्हतं. भागवत तीन नंबरपर्यंत आला, कुलूप बघितलं आणि सीमाच्या शेजारी उभा राहिला. काकासाहेब आले तेव्हा शेड इतकं शांत होतं की ते दारातच थबकले.

"हे काय आहे?"

"कुलूप."

"कुलूप मला दिसतंय. कुणी लावलं?"

"मी."

"किल्ली दे."

"किल्ली माझ्याकडं आहे. देणार नाही."

काकासाहेब जवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. "मशीन कुणाचं आहे, सीमा?"

"तुमचं. कुलूप माझं आहे. मी मशीनचा एक स्क्रू ढिला केला नाही, नुसती वीज बंद केलीय. सर्व्हिसला फोन लावा. ते आले की किल्ली त्यांच्या हातात देते."

"आणि नाही आले तर?"

"तर कुलूप राहील."

"पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांच्यासमोर वीज चालू करते, टूल हातात घेते आणि स्क्रीन दाखवते. वाचायला त्यांना येईलच."

कुणीतरी मागं खोकलं. काकासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "छगन, ग्राइंडर आण. काप ते."

छगनमामा गेले. ग्राइंडर घेऊन आले, वायर सोडत सोडत मशीनच्या मागं गेले. प्लग लावला. सीमा स्टुलावरून उठली, पण आडवी गेली नाही. तिनं एक हात मशीनला टेकवला होता. छगनमामांनी कुलूप हातात घेतलं, त्याच्याकडं बघितलं आणि सोडून दिलं.

"शेठ, कुलूप कापाय येळ लागत न्हाई. पन ती पिवळी तार म्या लावलीय. सुनीलच्या जागी उद्या ह्यो भागवत पडला तर त्येचं पाप माझ्या माथी. आधीचंच मला झेपंना." त्यांनी प्लग काढला आणि वायर गुंडाळायला लागले. "दुसऱ्या कुनाला सांगा."

"भागवत," काकासाहेब म्हणाले.

भागवतनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, हा नेहमीसारखा करणार. "मी न्हाई, शेठ," तो म्हणाला. "कालच म्हननार व्हतो. पर तोंड उघडलं न्हाई. आर्म आला की माझा जीव घशात येत व्हता."

काकासाहेबांनी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "ठीक आहे. उद्यापासून तुम्ही तिघंही येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू," सीमा म्हणाली. "आज मी इथं आहे."

ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सीमा संडासात गेली, नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिली. मग परत येऊन स्टुलावर बसली. बाकीची मशीनं हळूहळू सुरू झाली. लंकाबाईंनी तिच्यापुढं चहाचा कप ठेवला. दुपार होत आली तेव्हा केबिनच्या काचेतून काकासाहेब फोनवर बोलताना दिसले. थोड्या वेळानं ते दारात आले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "सर्व्हिसवाले उद्या येतायत." त्या तिघांनी उद्या यायचं की नाही, ते त्यांनी परत काढलं नाही. तिघंही आले.

सर्व्हिस इंजिनिअर म्हणून निकिता नावाची एक मुलगी पुण्याहून आली. तिनं स्पेअरची जड पेटी गाडीतून स्वतः उतरवली. सीमानं तिच्या हातात किल्ली दिली आणि काय काय तपासलं ते सांगितलं. निकितानं सगळं ऐकून घेतलं, पॅनेल उघडलं आणि पिवळी तार बघून छगनमामांकडं वळली.

"ही कधीपासून?"

मामांनी सांगितलं.

"हल्ली पुष्कळ ठिकाणी दिसतात अशा तारा," निकिता म्हणाली. "सेन्सर खरं बोलतो, म्हणून सगळे त्याच्यावरच चिडतात." तिनं तार काढून मामांकडं दिली. "चला, स्पिंडल उघडू. मला एकटीला नाही जमायचं, तुम्ही दोघं लागाल."

दिवसभर ते तिघं मशीनच्या माथ्यावर होते. स्पिंडलच्या पोटात एक दांडा असतो आणि त्याच्यावर वाटीसारख्या वाकवलेल्या पोलादी चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या चकत्यांच्या जोरावर दांडा टूलला वर ओढून धरतो. निकितानं दांडा बाहेर काढला तेव्हा काळ्या ग्रीसबरोबर चकत्यांचे तुकडे घरंगळत खाली आले. काहींचे दोन झाले होते, काहींचा नुसता चुरा. छगनमामांनी खाली वर्तमानपत्र पसरलं. तुकड्यांचा ढीग झाला.

"चकत्या तुटल्या, जोर कमी पडला, दांडा पूर्ण वर जाईना," निकिता म्हणाली. "म्हणून सेन्सरला पकडल्याचं दिसत नव्हतं. अलार्म बरोबर होता. हलकी टूलं निभावली, फेसमिलचं वजन नाही पेललं."

काकासाहेब केव्हा येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नव्हतं. ते वाकले, एक तुकडा उचलला, ग्रीस बोटानं पुसून तुटलेली कड बघितली. कड काळी पडली होती, म्हणजे तुटून बरेच दिवस झाले होते. एवढं त्यांना कुणी सांगायला नको होतं. पहिला लेथ त्यांनी स्वतः उघडून स्वतः जोडला होता. तुकडा त्यांनी परत ढिगात ठेवला आणि निघून गेले.

नव्या चकत्या बसल्या. निकितानं ओढ मोजायचं यंत्र लावून जोर तपासला, मग आर्म पुन्हा पुन्हा फिरवून टूलं बदलून बघितली. सीमानं टूल धरून हलवलं तेव्हा काहीही हललं नाही. पुण्याच्या कंपनीनं माल उशिरा येणार म्हणून कुरकुर केली आणि दोन दिवस थांबली. ज्याच्यासाठी एवढं झालं, ते एका फोननं भागलं.

निकिता गेल्यावर काकासाहेब म्हणाले, "झालं ना मनासारखं? लागा कामाला."

"एक राहिलं, शेठ," सीमा म्हणाली. "सुनीलभाऊची चूक आहे, असं तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. आता नाही म्हणून पण सगळ्यांसमोर बोला."

काकासाहेब पाठ फिरवून केबिनमध्ये गेले.

आता मशीनवर कुलूपही नव्हतं आणि अडवून धरायला किल्लीही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब फेरी मारत तिच्या मशीनपाशी आले तेव्हा तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शेठ, सुनीलभाऊचं काय ठरलं?" ते न थांबता पुढं गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. मग काकासाहेब फेरी टाळायला लागले आणि थेट मागच्या दारानं केबिनमध्ये जायला लागले. तिथं लंकाबाई झाडत असायच्या. "शेठ, त्या सुनीलचं काय ठरलं वो?" त्यांनी झाडू न थांबवता विचारलं. एक दिवस भागवतनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःच इतका घाबरला की पाणी प्यायला गेला.

मग एका संध्याकाळी सुनीलचा फोन आला. "शेठ आल्ते घरी. म्हनले, कामावर ये, झालं गेलं इसरून जा."

"आणि चूक?"

"त्येचं कायच बोलले न्हाईत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलो, घरी न्हाई शेठ. शेडमधी बोला, मग येतो."

सीमा फोन धरून हसली. हा माणूस आठवड्यापूर्वी न केलेली चूक कबूल करायला निघाला होता.

सोमवारी काकासाहेबांची गाडी पुढच्या दारासमोर थांबली आणि त्यातून सुनील उतरला. सुजलेला डोळा उघडला होता, भुवईत तांबडी रेघ राहिली होती. काकासाहेबांनी सगळ्यांना हातानं बोलावलं. सीमाकडं बघायचं टाळत ते तीन नंबरकडं बघून बोलले.

"सुनीलची चूक नव्हती. मशीनच्या स्पिंडलमध्ये बिघाड होता."

ते वळायला लागले.

"आणि तार, शेठ?" सीमानं विचारलं.

छगनमामांनी मान वर केली. ते काहीतरी बोलणार होते, पण काकासाहेबांनी हात दाखवून त्यांना थांबवलं.

"तार छगननं लावली. लावायला मी सांगितली होती," ते म्हणाले. "मी सांगितली नसती तर त्यानं लावली नसती. झालं?"

"झालं," सीमा म्हणाली.

सुनील तीन नंबरवर गेला. दार उघडून बराच वेळ आत बघत राहिला, मग पहिलं टूल हातात घेतलं.

काकासाहेब सीमाशी बोलेनासे झाले. तिला काही सांगायचं असलं की ते तिच्या समोर उभं राहून छगनमामांना सांगायचे. "छगन, सीमाला म्हणावं, उद्या दोन नंबरवर नवा जॉब लागणार आहे. ड्रॉइंग नीट बघून घे म्हणावं."

मामा बावचळून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचे.

"मामा, शेठना सांगा, बघितलंय," सीमा म्हणायची. "आणि सांगा, दार उघडं असलं तरी मशीन चालावं म्हणून एक नंबरच्या दाराचा स्विच दाबून धरायला कुणीतरी कागदाची घडी घातलीय. ती निघाल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही."